ऐकून घेणारी पंडिता

काशीक्षेत्री पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वरच्या अरुंद गल्ल्यांत शिरले की मंगला गौरीचे देऊळ लागते. दुर्गाघाट, ब्रह्मघाट, पंचगंगा हा गंगाकाठचा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबांच्या वस्तीचा. शास्त्राध्ययनासाठी, तीर्थवासासाठी, नाहीतर पेशवाईच्या काळात राजाश्रयामुळे ही घराणी तेथे स्थिरावली. महाराष्ट्रातील नवविवाहित मुली श्रावणातल्या मंगळवारी जिची पूजा मांडतात, रात्र जागवतात, ती हीच मंगळागौर. पतीला दीर्घायुष्य लाभावे आणि सौभाग्य अखंड राहावे, एवढेच त्या व्रताचे मागणे. पण ज्यांचे सौभाग्य बाराव्या-पंधराव्या वर्षीच लयाला गेले, त्या मुलींचे काय? त्यांना त्या पूजेत स्थान नव्हते. त्यांतल्या कित्येकींच्या वाट्याला पुढे हीच काशी आली, पण ती केशवपन केलेल्या, एकभुक्त राहणाऱ्या, मरणाची वाट पाहणाऱ्या विधवेची काशी. त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले, शास्त्रार्थ झाले, निर्णय दिले गेले. त्यांना मात्र कोणी काही विचारले नाही.

ज्या स्त्रीने त्यांना विचारले आणि त्यांचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतले, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. ते आपणांस अपरिचित नाही. रविवारच्या शाळेपासून आपण ते ऐकत आलो आहोत. परंतु या वेळी ते एका विशेष दृष्टीने पाहावे, अशी विनंती आहे. अलीकडे कचेऱ्यांत, शाळांत, रुग्णालयांत आणि आपल्या मंडळ्यांच्या समित्यांतही सहकाऱ्यांना बरोबर घेऊन काम कसे करावे याची फार चर्चा चालते. सूचनाफलक भरलेले असतात, परिपत्रके निघतात, सभा होतात. तरीही काम करणारा मनुष्य घरी जाताना म्हणतो की माझे ऐकले कोणी? रमाबाईंच्या हाताखाली एके काळी दोन हजारांच्या घरात माणसे होती. त्यांत बहुतेक सगळ्या समाजाने टाकलेल्या स्त्रिया व मुली. आणि वाचकहो, ज्या रमाबाईंनी हे सारे चालवले त्यांना कानांनी नीट ऐकू येत नसे. तारुण्यातच जडलेला बहिरेपणा त्यांना जन्मभर पुरला. कान अधू असलेल्या स्त्रीने ऐकून घेण्याच्या बळावर एवढे मोठे घर चालवले, हे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे.

काशीचा एक मराठी शास्त्री

या गोष्टीचा एक धागा काशीलाच जाऊन मिळतो. तेथील मराठी विद्वान घराण्यांपैकी एक गोऱ्ह्यांचे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ काशीपुरा येथे झाला, पण ते वाढले आणि शिकले काशीत. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मताचे खंडन करावे या हेतूने हा विशीतला तरुण विल्यम स्मिथ या मिशनऱ्यांकडे वाद घालण्यास जाऊ लागला. स्मिथ यांनी त्याला हुसकावले नाही, की घाईने जिंकण्याचाही प्रयत्न केला नाही. त्याचे प्रश्न त्यांनी धीराने ऐकले. महिने लोटले, वर्षे लोटली. अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे नीळकंठशास्त्र्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नहेम्या गोऱ्हे झाले. घरदार, आप्तेष्ट, मानमरातब यांची त्यांनी मोजलेली किंमत फार मोठी होती. पुढे षड्दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांना आचार्यपदाची दीक्षा मिळाली आणि मुंबई-पुण्याकडे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. शंका हा शत्रू नव्हे, शंका विचारणारा मनुष्य आदराने ऐकून घेण्याजोगा असतो, हे त्यांना स्वानुभवाने कळले होते. याच फादर गोऱ्ह्यांच्या लेखणीचा उपयोग पुढे रमाबाईंच्या आयुष्यात कसा झाला, ते लवकरच येईल.

रस्त्यावरची शाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. स्त्रीला देववाणी शिकवल्याबद्दल त्यांना उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे उभे राहून आपली बाजू मांडावी लागली. लक्ष्मीबाईंनी ते ज्ञान मुलीला दिले. पहाटेच्या अंधारात, कामाला लागण्यापूर्वी, पेंगुळलेल्या लेकीला कुशीत घेऊन, गोंजारून त्या तिला श्लोक म्हणावयास लावीत. रमाबाई पुढे शेकडो मुलींच्या शिक्षिका झाल्या. त्यांच्या अध्यापनाचा पहिला वस्तुपाठ हा होता. शिकवणाऱ्याने आधी शिकणाऱ्याला जवळ घ्यावयाचे असते.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते संपले. आधी वडील, पाठोपाठ आई, पुढे थोरली बहीण, अशी एकामागून एक माणसे गेली. उरली दोघे भावंडे, रमा आणि श्रीनिवास. त्यांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत अंगावर पुरेसे वस्त्र नसताना नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. भूक माणसाचे काय करते, लाज कशी गिळावयास लावते, दारी उभ्या राहिलेल्या भिकाऱ्याला शब्द का फुटत नाही, हे त्या पोथीतून शिकल्या नाहीत. दुसऱ्याच्या दुःखात शिरण्याची शक्ती काहींना उपजत असते असे आपण म्हणतो. रमाबाईंना ती अशा रात्रींनी दिली.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई स्वतः विधवा झाल्या. ज्या दुःखाविषयी त्या व्याख्याने देत, ते आता त्यांच्या स्वतःच्या घरात आले.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. १८८२ च्या जूनमध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला आणि स्त्रीधर्मनीति हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. त्यांनी स्त्री-शिक्षिकांची मागणी केली, आणि स्त्री-डॉक्टरांचीही. त्यामागील कारण लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडील स्त्रिया परपुरुषापुढे आपल्या दुखण्याविषयी बोलू शकत नाहीत. त्या गप्प राहतात आणि मरतात. ज्याच्यापाशी मन मोकळे करता येईल असा मनुष्य समोर नसेल तर औषध असूनही उपयोग नाही, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. कोणी तक्रार करीत नाही म्हणून सर्व ठीक आहे असे नसते. कित्येकदा ती सांगावी असे माणूसच समोर नसते.

१८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला. कानांचा दोष वाढल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तेथे संस्कृत शिकवू लागल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

येथे फादर गोऱ्हे पुन्हा भेटतात. रमाबाईंच्या मनात प्रश्नांचे काहूर होते. इंग्लंडमधील धर्मगुरू ज्या भाषेत उत्तरे देत ती त्यांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नव्हती. काशीत वाढलेल्या, वेदान्त पचवलेल्या, ख्रिस्ताकरिता घर सोडलेल्या या वृद्ध मराठी पुरोहिताने लिहिलेल्या मजकुराने मात्र त्यांचे समाधान झाले, असे पुढे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत नमूद केले. ज्या वाटेने त्या चालल्या होत्या, ती वाट हा मनुष्य आधी चालून गेला होता. त्यामुळे नेमके कोठे ठेच लागते हे त्याला ठाऊक होते.

बाप्तिस्मा झाला म्हणून प्रश्न थांबले नाहीत. त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि तो आज प्रसिद्ध आहे. पुरुष विद्यार्थ्यांना रमाबाईंनी शिकवू नये असा हिंदुस्थानातील बिशपांचा अभिप्राय आला, तेव्हा त्या दुखावल्या आणि आपले म्हणणे त्यांनी स्पष्टपणे लिहून कळवले. आपली सद्सद्विवेकबुद्धी त्या कोणाच्याही स्वाधीन करावयास तयार नव्हत्या. जेराल्डाइन यांना ती अवज्ञा वाटे, गर्व वाटे. दोघींचे प्रेम मात्र तुटले नाही. ती पत्रे वाचताना लक्षात येते की मतभेद मनात कुजत ठेवण्यापेक्षा तो आदराने पण स्पष्ट शब्दांत मांडणे हेच रमाबाईंना प्रीतीचे लक्षण वाटत होते. ज्याने स्वतः वरिष्ठांपुढे नम्रपणे नाही म्हटलेले असते, त्यालाच आपल्या हाताखालच्याचे नाही सहन करता येते.

शारदा सदन आणि एका शब्दाचे दोन अर्थ

१८८६ साली आपल्या नातेवाईक आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. तेथे त्यांनी बालोद्यानाची शिक्षणपद्धती अभ्यासली, गावोगावी व्याख्याने दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध केले. बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले.

तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. सदनात मुलींना आपापल्या जातीचे, सोवळ्याओवळ्याचे नियम पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, पण ब्राह्मण मुलींच्या स्वयंपाकाची व्यवस्था वेगळी ठेवलेली. सक्ती कसलीच नव्हती. ज्या मुलीला घरी कोणी ताटाजवळ बसू देत नसे, तिच्या केसांची, कपड्यांची, आवडीच्या भाजीची चौकशी होऊ लागली. आज हे आपणांस किरकोळ वाटेल. त्या मुलींना ते स्वर्गासारखे वाटले असेल.

परंतु येथेच वादळही उठले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी थोर मंडळी सल्लागार होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली, १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि वीस-पंचवीस मुलींना पालक घेऊन गेले.

वाचकहो, आपण ख्रिस्ती लोक ही हकीकत सांगताना बहुधा एकच बाजू सांगतो. भाषांतराचे काम करणाऱ्याला मात्र येथे एका शब्दाचे दोन अर्थ दिसतात. तटस्थता हा शब्द दोन्ही बाजूंनी मान्य केला होता. सल्लागारांच्या मनात त्याचा अर्थ असा की मुलींच्या कानांवर ख्रिस्ताचे नाव पडू नये. रमाबाईंच्या मनात अर्थ असा की कोणावर बळजोरी होऊ नये, आणि कोणाला अडवलेही जाऊ नये. दार लावून घेणे त्यांना अप्रामाणिकपणा वाटला. ते उघडे ठेवणे सल्लागारांना वचनभंग वाटला. कागद एकच, सही सर्वांची, आणि समजूत मात्र दोन. आरंभीच बसून त्या शब्दाचा अर्थ उलगडून घेतला असता तर फूट टळली असती का, हे सांगता येत नाही. कदाचित मुळातला भेदच एवढा खोल होता की फूट अटळ होती. पण ती इतकी कडवट झाली नसती. किती मंडळ्यांत, किती संस्थांत आजही असेच घडते! ठराव एकमताने संमत होतो आणि त्याचे अर्थ माणसागणिक वेगळे राहतात.

या आघातातून रमाबाई खचल्या नाहीत. ज्या मुली राहिल्या, त्यांच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. आणि आपल्या श्रद्धेविषयी यापुढे काही झाकून ठेवावयाचे नाही, हेही त्यांनी ठरवले. केडगावचे कार्य पहिल्या दिवसापासून उघडपणे ख्रिस्ती होते, ते यामुळे.

केडगाव

१८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपल्या कोवळ्या वयात उपासमारीने ओढून नेलेले आईबाप रमाबाईंना आठवले. त्या स्वतः त्या मुलुखात गेल्या आणि पुढच्या काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. याच सुमारास पुण्यात प्लेगाची साथ आली. शहरात एवढी माणसे ठेवण्यास मज्जाव झाला. पुण्याहून पूर्वेस, दौंडच्या अलीकडे केडगाव येथे घेऊन ठेवलेल्या माळरानावर राहुट्या व झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ साली मुक्तीची रीतसर स्थापना झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

ही संख्या डोळ्यांपुढे आणा. कोणी हिंदी बोलणारी, कोणी गुजराती, कोणी मराठी, कोणी कानडी. कित्येकींची हाडे मोजून घ्यावीत अशी अवस्था. अन्न दिसले की झडप घालणाऱ्या, रात्री भाकरी उशाखाली लपवणाऱ्या, कोणी जवळ आले तर अंग चोरणाऱ्या. काहींच्या वाट्याला वाटेत माणसातल्या लांडग्यांनी केलेले अत्याचार आलेले. यांच्याकडून शिस्त कशी पाळून घ्यावी? हुकूम देऊन? ज्यांना आजवर हुकमाखेरीज काही मिळालेच नव्हते, त्यांना आणखी हुकमाने काय होणार?

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला दिलेला सल्ला आपणांस आठवत असेल. सगळा भार एकट्याने वाहू नकोस. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम. मुक्तीचा कारभार पाहिला की तोच नमुना दिसतो. मुलींचे लहान लहान गट, प्रत्येक गटाला एक वडीलधारी बाई. आणि या बाया आणल्या कोठून? बऱ्याच शारदा सदनातूनच, म्हणजे ज्या कालपर्यंत स्वतः टाकलेल्या होत्या त्यांतूनच. दुष्काळग्रस्त मुलीच्या उशाखालची भाकरी पाहून रागावावयाचे नसते, हे परक्या देशातून आलेल्या बाईला समजावून सांगावे लागले असते. या स्त्रियांना ते सांगावे लागले नाही. गुजरातेतून मुली आणण्याच्या कामीही मुक्तीतल्या शिकलेल्या स्त्रियाच पुढे झाल्या. जिने दुःख सोसले तिलाच दुःखाची राखण सोपवावी, ही रमाबाईंची रीत होती.

कामेही माणूस पाहून दिली जात. शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, छापखाना, शाळा, दवाखाना. शरीराने बळकट असलेली मुलगी पुस्तकात मागे पडली म्हणून तिला नालायक ठरवले नाही. तिच्या हाती मळा दिला. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन निघाले. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेऊन त्यांना वाचावयास शिकवले. पतित मानलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. नावातच पाहा, दंड नाही, कृपा आहे.

सहकाऱ्यांवर विश्वास टाकण्याचे त्यांचे धाडसही मोठे. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या समर्थ ख्रिस्ती भगिनी, १८९८ साली येऊन मिळालेल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स आणि पुढे मनोरमा, यांच्यावर त्यांनी खरी जबाबदारी सोपवली. १८९८ साली असोसिएशनला दहा वर्षांचा हिशेब देण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेव्हा कार्य मागे सहकाऱ्यांच्या हाती होते आणि ते नीट चालले. देणगीदारांना त्या अहवाल नियमाने पाठवीत. मुक्तीच्या प्रार्थना-घंटेच्या नावाने निघणाऱ्या पत्रिकेतून यश, अडचणी, आजार, मृत्यू सर्व कळवीत. १८९७ साली पुण्यातील प्लेगाच्या छावणीत आपल्याकडील मुलीची हेळसांड झाली, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांविरुद्ध वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिण्यासही त्या कचरल्या नाहीत. आपल्या माणसासाठी आपला पुढारी उभा राहतो, हे एकदा दिसले की पुढे निष्ठा मागावी लागत नाही.

१९०५ साली मुक्तीत आध्यात्मिक जागृती झाली. महिनोन्‌महिने चाललेल्या प्रार्थनेनंतर मुलींना पश्चात्ताप झाला, अश्रू आले, आनंद आला, आणि त्यांच्या टोळ्या खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगत हिंडू लागल्या. ज्यांना पूर्वी घरात मान वर करून बोलण्याची चोरी, त्याच आता गावच्या चावडीपुढे बोलत होत्या. ऐकून घेतलेल्या माणसाला कालांतराने स्वतःचा आवाज सापडतो, हे याहून स्पष्ट कोठे दिसेल?

पवित्र शास्त्राचे भाषांतर

आता त्या कार्याविषयी, जे माझ्यासारख्याच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. मराठी पवित्र शास्त्र तेव्हा उपलब्ध होते. पण केडगावच्या मुलींना ते वाचून दाखवताना रमाबाईंना दिसे की त्यांच्या चेहऱ्यांवर काही उमटत नाही. भाषा संस्कृतप्रचुर, पंडिती. रमाबाई स्वतः संस्कृताच्या सरस्वती. त्यांना ती भाषा अवघड नव्हती. ती कोणाला अवघड आहे हे पाहण्याची नजर त्यांच्यापाशी होती. शिवाय हिंदू दैवतांशी व कल्पनांशी जोडलेले शब्द शास्त्रात असू नयेत, असेही त्यांना वाटे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, हिब्रूचे व्याकरण मराठीत तयार केले आणि सुमारे अठरा वर्षे या एका कामाला वाहिली.

हे काम एकटीचे नव्हते. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पाने मोडून पुस्तक बांधणाऱ्या स्त्रियाच होत्या. दुष्काळात मरणाच्या दारातून आणलेल्या, थोरपणी अक्षर ओळखलेल्या स्त्रियांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचा एकेक खिळा बसवला. भाषांतराच्या समितीत मी पुष्कळदा बसलो आहे. तेथे विद्वानाचा शब्द वजनदार ठरतो आणि खेड्यातली जी बाई ते वाचणार, ती त्या टेबलाशी क्वचितच असते. केडगावात तिच्या हातांवाचून ओळही छापली जात नव्हती.

तथापि खरे ते सांगितले पाहिजे. रमाबाईंचे भाषांतर मंडळ्यांत रूढ झाले नाही. आपण आजवर वापरत आलो ती बायबल सोसायटीची भाषांतरे. साधी भाषा हवी ही त्यांची एक ओढ, आणि मूळ शब्दाला तंतोतंत चिकटून राहावे ही दुसरी. या दोहोंची ओढाताण त्यांच्या वाक्यांत जागोजागी जाणवते. मुळाशी इमान राखता राखता वाक्यरचना कधी कधी मराठी राहत नाही. भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला ही दोरी दोन्ही बाजूंनी ओढते. तरी खेड्यातल्या अडाणी स्त्रीला देवाचे वचन कळलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह आमच्या कामाच्या आरंभी ठेवलेला आहे. पुढच्या पिढ्यांनी सुबोध भाषांतरे केली, ती त्याच आग्रहाची वाट चालली.

शेवटची वर्षे कठीण गेली. प्रकृती ढासळली. ज्या मनोरमेच्या हाती सर्व सोपवावयाचे, ती १९२१ च्या जुलैमध्ये आईच्या आधी गेली. उतारवयातील त्या आईने मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये झोपी गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्तीचे काम थांबले नाही. ते आजही केडगावी चालू आहे. पुढारी गेल्यावर काम चालू राहते की नाही, हीच त्याच्या पुढारीपणाची कसोटी.

आपणासाठी

प्रिय वाचकहो, रमाबाईंना वंदन करून हे पान उलटणे सोपे आहे. परंतु त्यांचे चरित्र आपणांस काही विचारते. आपण कोणाचे तरी पुढारी आहोतच. कोणी मंडळीच्या पंचसमितीत, कोणी तरुण संघात, कोणी शाळेत, कोणी केवळ आपल्या घरात. आपल्या हाताखालच्या माणसाची भूक कोणती, हे आपणांस ठाऊक आहे काय? त्याला काम देताना आपण त्याच्याकडे पाहिले की केवळ कामाकडे? ठराव करताना त्यातल्या शब्दाचा अर्थ सर्वांच्या मनात एकच आहे, हे विचारून घेतले काय? जो बोलत नाही त्याच्या गप्प राहण्याला आपण संमती समजलो नाही ना?

आपला प्रभू गुरू आणि प्रभू असूनही कमरेला रुमाल बांधून शिष्यांच्या पायांपाशी बसला. यरीहोच्या वाटेवर ओरडणाऱ्या आंधळ्याला लोक गप्प करू पाहत होते, तेव्हा तो थांबला, त्याला जवळ बोलावले आणि तुला काय हवे असे त्यालाच विचारले. ते उघड दिसत होते, तरी विचारले. त्या विचारण्याने त्या भिकाऱ्याला माणूसपण परत मिळाले. रमाबाईंनी केडगावच्या माळावर हेच केले.

यापुढील समितीच्या बैठकीस जाल तेव्हा एवढे करून पाहा. प्रार्थना झाल्यावर, विषयपत्रिका हाती घेण्यापूर्वी, जो आजवर कधी बोलला नाही त्याला प्रथम बोलावयास सांगा आणि त्याचे म्हणणे संपेपर्यंत कोणी मध्ये बोलू नका. चर्चची साफसफाई करणारी बाई असेल, नव्यानेच आलेला तरुण असेल, ऐकू कमी येते म्हणून मागच्या बाकावर बसणारे आजोबा असतील. प्रभू आपणां सर्वांना ऐकणारे अंतःकरण देवो. आमेन.